घरच्या पोरीचं पहिलं कोटेशन: हळदीच्या पाकिटाचं एक प्रकरण

हे प्रकरण एका डिझाइन शिकणाऱ्या मुलीच्या पहिल्या पैशाच्या कामाचं आहे. मुलगी समुद्रपूर तालुक्यातली, नागपूरला ग्राफिक डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला, आणि काम तिच्याच गावातल्या महिला बचत गटाच्या हळदीच्या पाकिटाचं. मी वर्ध्यात राहून पॅकेजिंगची कामं करते, त्याआधी पुण्यात एका स्टुडिओत होते, आणि कॉलेजातली मुलं माझ्याकडे शिकायला येत असतात, ही त्यातलीच एक. गाव छोटं आहे म्हणून कोणाचंच नाव देत नाही. सविस्तर लिहितेय कारण पोर्टफोलिओ कसा करायचा, मुलाखत कशी द्यायची हे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण पहिलं काम जेव्हा आत्याकडून नाहीतर काकाजीकडून येतं तेव्हा काय करायचं हे कोणी बसून सांगत नाही, आणि आपल्या विदर्भातल्या खेड्यापाड्यांत पहिलं काम बहुतेक तिथूनच येतं.

समुद्रपूर म्हटलं की वायगावची हळद आलीच. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, सगळे ज्याला जीआय टॅग म्हणतात ते, आणि गडद रंग, जास्त कर्क्युमिन (हळदीला पिवळा रंग देणारा घटक) यासाठी तिचं नाव आहे. या गटातल्या बायांच्या घरी कापूस, सोयाबीन, तूर हेच मुख्य पीक, त्यात एखादा तुकडा हळदीचा. उकडणं वाळवणं घरी, दळण हिंगणघाटहून, आणि विक्री साध्या प्लास्टिकच्या पिशवीत, वर एक छोटं लेबल. ते लेबल गटातल्याच एका बाईच्या पुतण्याने मोबाइलवर फुकटात करून दिलं होतं. कोणालाच ते आवडलं नव्हतं, हे मला फार नंतर कळलं. फुकट करून दिलेल्या पोराला काय म्हणणार, म्हणून तेच चालू राहिलं.

मुलीची आत्या या गटाची सचिव. तिने पोरीला सांगितलं, तू शिकून राहिली ना हेच, मग आमचं पाकीट करून दे. मुलीने सुट्टीत पाकीट डिझाइन केलं आणि लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. दिसायला देखणं काम होतं: खाकी क्राफ्ट पेपरचा उभा राहणारा पाऊच, समोर पानाच्या आकाराची पारदर्शक खिडकी, सगळीकडून सहा रंगांतलं चित्र, वर कोपऱ्यात जीआयची खूण. कॉलेजात याला नक्की चांगले मार्क पडले असते.

मी डिझाइनवर काहीच बोलले नाही. किती पाकिटं छापायची, कोण छापणार, आणि तुला किती पैसे मिळणार, एवढंच विचारलं. पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर नव्हतं. तिसऱ्याला ती म्हणाली, "ताई, आत्याचा गट आहे, पैसे कसे मागू?"

इथे मला स्पष्ट मत आहे आणि ते मी तिलाही तसंच सांगितलं. शहरातले लोक मुलांना सरसकट सांगतात की फुकट काम करूच नका, ते गावात जसंच्या तसं चालत नाही, कारण त्याच आत्याने हिच्या कॉलेजच्या फीला मदत केलेली असते, परीक्षेला जाताना डबा बांधून दिलेला असतो, ते सगळं कोणत्या बिलात धरणार. त्यामुळे सूट द्यायची तर द्यावी, सगळी रक्कम सोडायची तरी सोडावी, पण आधी पूर्ण रक्कम कागदावर लिहावी आणि मग खाली सूट लिहावी. न लिहिलेलं काम समोरच्याला दिसतच नाही. किती घ्यायचं हे मी ठरवणार नाही हेही सांगितलं. आकडा मी सांगितला असता तर बैठकीत तो माझा आकडा म्हणून गेला असता, आणि पुढच्या वेळी ती पुन्हा माझ्याकडेच विचारायला आली असती.

तिने घरी बसून कामाचे तुकडे पाडले, प्रत्येकाला किती वेळ लागेल ते लिहिलं आणि १२,००० वर आली. खाली "गावचा गट म्हणून सूट ३,०००" आणि बाकी ९,००० तीन हप्त्यांत: सुरुवातीला, डिझाइन पक्कं झाल्यावर, आणि छापून हातात आल्यावर. त्यात काय मिळणार, किती दुरुस्त्या धरल्यात, छपाईचा खर्च वेगळा, हे सगळं मराठीत एका पानावर. हक्काच्या ओळीवर आम्ही बराच वेळ बसलो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे बाहेरून स्वतंत्रपणे करून घेतलेल्या अशा डिझाइनचा पहिला मालक साधारणपणे करणाराच असतो, हक्क द्यायचा तर लेखी द्यावा लागतो, आणि लेखात मुदत लिहिली नाही तर तो ५ वर्षांचाच धरला जातो, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. गटाला हे माहीत असायचं कारणच नाही. म्हणून तिने लिहिलं की शेवटचा हप्ता मिळाल्यावर लेबलचे सगळे हक्क कायमचे गटाचे, मला माझ्या पोर्टफोलिओत दाखवता येईल एवढंच.

बैठक समाजमंदिरात होती, महिन्याची वर्गणी गोळा होते त्या दिवशी. बोलायचं तिने आणि मी मागे बसायचं हे गाडीतच ठरलं होतं. तिने कागद वाचायला घेतला, रकमेपर्यंत आली आणि आत्या म्हणाल्या, "काहून वं, घरच्या मानसाकून पैसे घेतं काय तू?" सगळ्या हसल्या, मुलगी थांबली आणि वळून माझ्याकडे पाहिलं. मी वहीत डोकं घालून बसले. त्या क्षणी मी तोंड उघडलं असतं तर काम माझं झालं असतं, तिचं राहिलं नसतं, आणि शिकवणाऱ्या माणसाला हे गप्प बसणं फार जड जातं, मला तरी जातं. ती थोडं थांबून म्हणाली, "आत्या, सूट खाली लिहिली आहे, तेवढं वाचू द्या." आणि पुढे वाचलं.

मग जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं. हिशोब पाहणाऱ्या बाईंनी कागद मागून घेतला, चष्मा लावून शांतपणे वाचला आणि विचारलं, "याचं पक्कं बिल देशीन ना पोरी? ऑडिटले दाखवा लागते. आणि जीएसटी लावशीन काय?" मुलीला उत्तर येत होतं, सेवेचं काम वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही, त्यामुळे बिल साधं, सहीचं. बाईंनी मान हलवली. गटाचा प्रत्येक खर्च वहीत चढतो, त्याला पावती लागते, कर्ज देणाऱ्या बँकेचा माणूस वही बघतो. म्हणजे आम्ही ज्या कागदाला घाबरत होतो तो कागद त्यांना आमच्यापेक्षा जास्त हवा होता. पहिला हप्ता ठरावात लिहिला गेला.

आणि पैसे ठरल्याबरोबर बाया बोलायला लागल्या. माझ्या दृष्टीने या प्रकरणातली मुख्य गोष्ट ही आहे, बाकी सगळं तिच्या मागून आलं. तोपर्यंत लॅपटॉपवरचं चित्र पाहून सगळ्या "छान आहे, छान आहे" म्हणत होत्या. ठराव झाल्यावर मागे बसलेल्या एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "मले ते खिडकीचं नाही पटत. हळद उजेडात ठेवली का रंग उतरते तिचा." दुसरी म्हणाली, पावडर त्या प्लास्टिकला आतून चिकटून बसते, चार दिवसांनी खिडकी मळकी दिसते. तिसरी म्हणाली, खाकी रंग म्हणजे किराणा दुकानातल्या पुड्यासारखा वाटते, पाहुण्याले देण्यासारखा नाही वाटत. मुलीने सगळं लिहून घेतलं. घरी जाऊन वाचलं तेव्हा तिला कळलं की कर्क्युमिन उजेडाने खरंच खराब होतं, बाई अनुभवाने बोलत होत्या. पुतण्याच्या लेबलला जे कोणी बोललं नव्हतं ते हिच्या कामाला बोलल्या, कारण आता ते विकत घेतलेलं काम होतं.

खिडकी गेली तर गिऱ्हाइकाला रंग कसा दिसणार, हा प्रश्न उरला. हळदीत भेसळीची भीती असते, लोक रंग पाहूनच घेतात. मुलगी यावर डिझाइनमधून उत्तर शोधत होती, पाकिटावर खऱ्या हळदीचा फोटो टाकू का वगैरे. आत्यांनी विषय संपवला: "टेबलावर वाटीत उघडी ठेवू ना, हातात घेऊन पाहतीन लोकं." कॉलेजात प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पाकिटावरच द्यायची सवय लागते, ती इथे सुटली.

छपाईचं मी तिला तोंडी समजावलं नाही, नागपूरच्या इतवारी बाजारात पाठवलं. पॅकिंग मटेरियलच्या दुकानांत फिरून विचारून ये म्हटलं. ती परत आली ती कळून की छापील पाऊच ग्रॅव्ह्यूरवर, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरने छापणाऱ्या मशीनवर होतात, प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर, आणि एवढ्या सिलिंडरचा खर्च निघायचा तर पाकिटं हजारोंनी घ्यावी लागतात. गटाची हळद त्या मानाने मूठभर. म्हणजे सहा रंगांचं सगळीकडून छापलेलं पाकीट या गटासाठी नव्हतंच. मार्ग निघाला तो असा: आतून चंदेरी थर असलेला, झिपचा, कोरा तयार पाऊच घ्यायचा आणि त्यावर डिजिटल प्रिंटचं स्टिकर, पुढे एक मागे एक.

स्टिकरचं माप हा माझा आवडता भाग. तिने पुढचं स्टिकर सव्वाचार बाय सव्वासहा इंच ठेवलं होतं, पाऊचवर छान बसतं म्हणून. मी म्हटलं, शीट काढ. डिजिटल प्रेसच्या शीटवर छापायची जागा साधारण १२ बाय १८ इंच मिळते. तिने पेन्सिलने चौकोन आखले, या मापाची उभी लावली तरी ४ आणि आडवी लावली तरी ४. मग तिनेच थोडं थोडं कमी करत पावणेचार बाय पावणेसहावर आणलं, तेव्हा कापायला जागा सोडूनही एका शीटवर ९ बसली. पाऊचवर फरक कळतही नाही, आणि स्टिकरमागे छपाईचा खर्च निम्म्याहून खाली. तो आखलेला कागद ठेवून दे असं मी तिला सांगितलं.

लेबलवर काय लिहायचं यात तिचे बरेच दिवस गेले, आणि जायलाच हवे होते. खाद्यपदार्थाच्या लेबलला एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०२० चे नियम लागतात, वजनमापाचे २०११ चे वेगळे. १४ आकडी नोंदणी क्रमांक, घटक, निव्वळ वजन, बॅच, पॅकिंगची तारीख, किती दिवस चांगली राहील, सर्व करांसह किंमत, पॅक करणाऱ्याचं नाव पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, शाकाहाराची हिरवी खूण. तिने सगळं मराठीत केलं होतं, मनापासून, आईला वाचता यावं म्हणून. पण नियमाप्रमाणे ही माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत असावीच लागते, मराठी त्याच्या जोडीला चालते, एकटी चालत नाही. तिला याचा रागच आला, आणि मला तो राग रास्त वाटला. शेवटी मागच्या स्टिकरवर दोन्ही भाषा घेतल्या आणि पुढच्यावर मराठी मोठी ठेवली.

जीआयची खूण काढावी लागली. १९९९ च्या कायद्यात नाव आणि खूण वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. गटातल्या काही घरांची हळद त्याच भागातली असली तरी गटाच्या नावाने नोंद नव्हती. मुलीने हे बैठकीत सांगितलं तेव्हा बाया नाराज झाल्या, हळद आमची, गाव आमचं, मग नाव काहून नाही. तिने नीट समजावलं की नोंद करता येते, अर्ज करा, तोवर पुढच्या स्टिकरवर तेवढी जागा मी मोकळी सोडते, स्टिकरच असल्यामुळे पुढच्या छपाईत घालता येईल. "कॅन्सरवर गुणकारी" असं काही लिहायचा आग्रहही एकीने धरला होता, तो तिने एका वाक्यात नाकारला: औषधाचा दावा लेबलवर करता येत नाही, नोटीस गटाच्या नावाने येईल. माझ्याकडे वळून न पाहता तिने स्पष्ट नाही म्हटलं ते तिथे पहिल्यांदा.

फॉन्टचंही सांगते. शीर्षकाला तिने कुठून तरी उतरवलेला फॉन्ट वापरला होता, कॉलेजात सगळेच वापरतात, पण विकायच्या वस्तूवर लायसन नसलेला फॉन्ट म्हणजे गटाच्या गळ्यात धोंडा. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचे बालू आणि मुक्ता हे दोन्ही ओपन लायसनचे, म्हणजे विकायच्या वस्तूवरही फुकट वापरता येणारे, देवनागरीला चांगले, तेच घेतले.

पहिला प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, बिघडला. नागपूरच्या एका छापखान्यात तिने फाइल मेल केली, त्यांनी ती कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत उघडली आणि देवनागरी फुटली. "निव्वळ" मधली पहिली वेलांटी न च्या पुढे गेली, व्व सुटे झाले, "समुद्रपूर" मधला द्र तुटून द् आणि र वेगळे. छापखान्यातल्या माणसाने तसंच छापून दिलं, वर म्हणाला फाइलच तशी आहे. तिने प्रूफचा फोटो मला पाठवला आणि खाली रडका चेहरा. मी छापखान्याला फोन केला नाही. अक्षरं कर्व्हजमध्ये, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या रेषांच्या आकारात बदलली होती का एवढं विचारलं. नव्हती. तिने फाइलची एक प्रत अक्षरांसकट आणि एक कर्व्हज केलेली अशा दोन ठेवल्या, दुसरी स्वतः पेनड्राइव्हवर घेऊन गेली आणि छापताना तिथे उभी राहिली. बॅच, तारीख आणि किंमत दर वेळी बदलणार म्हणून तिथे पांढरा चौकोन सोडला होता. चकचकीत लॅमिनेशनवर शिक्क्याची शाई बोटाने पुसली जात होती, म्हणून मागच्या स्टिकरला लॅमिनेशनच केलं नाही.

पूर्ण छपाई सुरू करायच्या आधी तिने एक चांगली गोष्ट केली, मी सांगितली नव्हती. एक प्रूफ शीट गावात नेलं, त्याच म्हाताऱ्या बाईंच्या हातात दिलं आणि संध्याकाळी ट्यूबलाइटखाली वाचायला लावलं. बाईंनी हात लांब करून कागद धरला, जवळ आणला, परत लांब नेला. "नाव दिसते. वजन दिसते. खाली पिवळ्यावर पांढरं काय लिहिलं ते दिसून नाही राहिलं." पिवळ्यावरची पांढरी अक्षरं तपकिरी झाली आणि मग छपाई सुरू झाली.

पाकिटं तालुक्याच्या प्रदर्शनात गेली, टेबलावर वाटी ठेवली होती, विक्री बरी झाली. शेवटचा हप्ता मात्र लांबला. मुलीला मागायचा संकोच, आत्या रोज घरी येणार, चहा पिणार, विषय कोणी काढणार नाही. माझ्याकडून तिला हवं होतं की मी सचिवांना फोन करावा. मी नाही केला, पण मेसेज कसा लिहायचा यावर आम्ही बसलो. माफी नाही, गाऱ्हाणं नाही, फक्त बिल क्रमांक, रक्कम, काम पूर्ण झाल्याची तारीख आणि "पुढच्या बैठकीत घ्याल का" एवढं. मेसेज आत्यांना खासगीत न पाठवता हिशोबवाल्या बाईंना पाठव असं मी सुचवलं, कारण आत्यांना पाठवलं की ते घरचं बोलणं होतं. पुढच्या बैठकीत चेक मिळाला आणि त्याच दिवशी हक्काच्या कागदावर दोन्हीकडच्या सह्या झाल्या.

नोकरीचं सांगायचं तर नागपूरच्या एका स्टुडिओत तिची मुलाखत झाली. पोर्टफोलिओत तिने पाकिटाच्या फोटोसोबत फुटलेल्या अक्षरांचं प्रूफ, पेन्सिलने आखलेलं शीट आणि कोटेशनही लावलं. त्यांनी जास्त प्रश्न त्या शीटवरच विचारले असं ती म्हणाली. ट्रेनी म्हणून घेतलं आहे. घर सोडायचं की आठवड्यातून काही दिवस जाऊन येऊन करायचं यावर घरात बोलणं चालू आहे, त्यात मी पडत नाही.

गटाला आता मिरची पावडरीचं पाकीट हवं आहे. त्याचं कोटेशन तिने मला न विचारता पाठवलं, मला नंतर दाखवलं. सूट या वेळी नाही, आणि दुरुस्त्यांच्या ओळीत दोनऐवजी तीन लिहिल्या आहेत. मी विचारलं का वाढवली, तर म्हणाली, "ताई, यांची बैठक महिन्यातून एकदा होते. अर्ध्या जणी पहिल्या वेळी येतच नाहीत, त्यांचं म्हणणं दुसऱ्या महिन्यात कळते. रक्कम त्या हिशोबानेच धरली आहे."